टाके घातले, पण काढायचे कधी व कुठे?



लागणीच्या दिवसांत बेणे तोडताना कोयता बोटावर बसणे, विळ्याने पोटरी कापणे, पत्र्याने पाय चिरणे हे आपल्याकडे नवे नाही. जखम होते त्या दिवशी घरातली सगळी माणसे धावतात. गाडी काढतात, डॉक्टर गाठतात, चार-पाच टाके पडतात आणि पट्टी बांधून माणूस घरी येतो. पुढे मात्र सगळे थंड! रक्त थांबले, ठणका कमी झाला, की टाके काढायचे आहेत हे कुणाच्या ध्यानात राहत नाही. त्यातून हंगाम चालू असेल तर विचारूच नका. ‘आज गाडी भरायची हाय, उद्या बघू’ असे करता करता दहाचे वीस दिवस होतात. नाहीतर एखादा गडी पडवीत बसून दाढीच्या ब्लेडने स्वतःच दोरे कापतो. म्हणून या अंकात टाके काढण्याविषयी चार कामाच्या गोष्टी देत आहोत.

टाका जखम बरी करीत नाही, हे आधी समजून घ्यावे. जखम शरीरच भरून काढते. टाका फक्त कातडीच्या दोन कडा एकमेकींना धरून ठेवतो. कडा जुळून आल्या की दोऱ्याचे काम संपले. त्यानंतर तो आत राहिला तर शरीराला परकाच. दोऱ्याच्या दोन्ही बाजूंच्या भोकांतून कातडी आत वाढू लागते, भोके लाल होतात, कधी पू धरतात, आणि व्रणाच्या दोन्ही अंगांना रेल्वेच्या रुळासारख्या आडव्या खुणा कायमच्या राहतात. उलट घाईने लवकर काढले तर जखम उसवते. म्हणून दिवस मोजूनच काढावे लागतात.

किती दिवस, ते जखम कुठे आहे यावर ठरते. तोंडाला रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे चेहऱ्यावरचे टाके साधारण ५ दिवसांत निघतात. डोक्याचे ७ ते १०, हाताचे ७ ते १०, पायाचे १० ते १४ दिवसांनी. तळहात, तळपाय आणि गुडघा-कोपरासारखे सांधे यांना १४ दिवसही लागतात, कारण तेथे कातडी सारखी ताणली जाते. टाके घातले तो दिवस यात धरू नये. मधुमेह असेल तर जखम सावकाश भरते. तंबाखू-विडी ओढणाऱ्यांचेही तेच. (तंबाखूची गोळी जखमेवर दाबणारेही आहेत! तसेच चहाची पूड, चुना, गाडीचे ऑइल. यातले काहीही जखमेला लावू नये.) अंतिम दिवस डॉक्टर सांगतील तोच खरा.

सगळेच टाके काढायचे नसतात. काही दोरे आतल्या आत विरघळतात, रेशमी किंवा नायलॉनचे मात्र काढावेच लागतात. आपल्याला कोणता घातला, हे त्याच दिवशी विचारून घ्यावे.

आता घरच्या घरी ब्लेड का लावू नये? कारखान्यात साखरेच्या पोत्याची शिवण आपण पाहिली आहे. योग्य टोक धरून ओढले की सर्र करून सगळी उघडते. जखमेची शिवण बहुधा तशी नसते. प्रत्येक टाका सुटा आणि प्रत्येकाला स्वतंत्र गाठ. परिचारिका आधी जखम स्वच्छ करते, पपडी भिजवून मऊ करते, चिमट्याने गाठ किंचित उचलते आणि गाठीखाली, अगदी कातडीलगत, दोऱ्याची एकच बाजू कापते. मग गाठ धरून दोरा ओढते. यात मेख अशी, की जो भाग इतके दिवस बाहेर धूळ-घाम खात होता तो कातडीच्या आतून ओढला जाता कामा नये. घरी कापणारा नेमका मधोमध कापतो, तेव्हा मळका दोरा आतून फिरतो, किंवा तुकडा आतच राहतो. शिवाय दवाखान्यात पुष्कळदा आधी एकाआड एक टाका काढतात. कडा उघडत नाहीत असे दिसले तरच उरलेले काढतात. हे सगळे पाच-दहा मिनिटांचे काम आहे, भूल लागत नाही. मुंगी चावल्यासारखे होते, एवढेच.

आपल्या सभासदांच्या बाबतीत एक निराळीच अडचण असते. टाके पडतात गावात आणि काढायची वेळ येते मुंबईत. सातारा-सांगलीकडची कितीतरी घरे अर्धी गावी व अर्धी घाटकोपर-भांडुप-मुलुंडला आहेत. माथाडी कामाला गेलेली पिढी तेथेच स्थिरावली. सुट्टीवर आलेल्या पोराला शेतात लागले, की तिसऱ्या दिवशी तो रात्रीची एसटी पकडून कामावर हजर. किंवा म्हाताऱ्याच्या पायाला टाके पडले, की ‘आबा, तुम्ही हिकडंच या, हितं मोठे दवाखाने हायेत’ म्हणून लेक बोलावून घेतो.

हरकत नाही. टाके ज्याने घातले त्यानेच काढावेत असा नियम नाही. पण काढणाऱ्याला माहिती हवी. म्हणून गावच्या डॉक्टरांकडून एका कागदावर एवढे लिहून घ्यावे: टाके घातल्याची तारीख, टाक्यांची संख्या, दोरा कोणता, धनुर्वाताचे इंजेक्शन कधी दिले, आणि एखादे औषध सोसत नसेल तर तेही. संख्या कशाला, असे वाटेल. सात घातले आणि सहा निघाले, तर सातवा पपडीखाली लपला आहे हे त्यावरूनच कळते.

उपनगरात महापालिकेची सोय चांगली आहे. घाटकोपरला विद्याविहार स्टेशनपासून जवळ राजावाडी रुग्णालय, अंधेरीकरांना जुहू-पार्ल्याचे कूपर, बोरिवलीच्या बाजूला कांदिवलीचे शताब्दी. पण तीन-चार टाक्यांसाठी मोठ्या रुग्णालयाच्या रांगेत दिवस घालवण्याची गरज नाही. वॉर्डावॉर्डात पालिकेचे दवाखाने आहेत, आणि नोव्हेंबर २०२२ पासून ‘हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे आपला दवाखाना’ या नावाचे दवाखाने वस्त्यांजवळ उघडले आहेत. मलमपट्टी, टाके काढणे अशी किरकोळ कामे तेथे होतात. मोठ्या रुग्णालयातच जायचे तर सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा. रविवारी बाह्यरुग्ण विभाग बंद असतो. सातवा दिवस रविवारी आला तर सोमवारी जावे, एका दिवसाने काही बिघडत नाही. मात्र लोकलच्या गर्दीत जखमेच्या हाताने दांड्याला लटकू नये, धक्क्याने उसवते.

धनुर्वाताचे इंजेक्शन टाके काढताना घ्यायचे नसते, ते जखम झाल्यावर लगेच घ्यायचे असते. या रोगाचे बीज मातीत व शेणात असते, म्हणून शेतातली जखम आधी स्वच्छ पाण्याने भरपूर धुवावी. पूर्वीचे सगळे डोस झाले असतील, तर मळक्या जखमेला शेवटच्या डोसाला ५ वर्षे उलटल्यावर पुन्हा डोस लागतो. तारीख जपून ठेवली तर दर जखमेला उगाच टोचून घ्यावे लागत नाही.

टाके निघाले म्हणजे कातडी पूर्वीसारखी झाली असे समजू नये. पहिल्या आठवड्याअखेर त्या जागेची ताकद मूळ कातडीच्या शंभरात पाच भागांइतकी जेमतेम असते. तीन आठवड्यांनी सुमारे २० आणि तीन महिन्यांनी सुमारे ८०. तेव्हा टाके काढून दुसऱ्या दिवशी मोळी उचलणे किंवा चिखलात दारे धरायला उभे राहणे बरे नव्हे. हलकी कामे करावीत, जड काम निदान दोन-तीन आठवडे दुसऱ्यावर सोपवावे. जखमेभोवती लाली पसरू लागली, पू आला, ठणका वाढला, ताप आला किंवा हातावर लाल रेघ चढताना दिसली, तर ठरलेल्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टर गाठावा.

कोयत्याच्या जखमेत आणखी एक गोष्ट असते, आणि ती सर्वांत महत्त्वाची. वरची कातडी छान जुळते, पण आतली शिर कापलेली असू शकते. शिर म्हणजे बोट वाकवणारी दोरी. टाके काढायला जाल तेव्हा प्रत्येक बोट सुटेसुटे वाकवून व सरळ करून दाखवावे. शेंडा बधिर असेल तर तसे सांगावे. ‘सुजेमुळे असंल, होईल हळूहळू’ म्हणून गप्प बसू नये. तुटलेली शिर पहिल्या काही दिवसांत जोडली तर बोट पुष्कळदा कामाला येते. महिने गेले की दोन टोके आखडतात आणि शस्त्रक्रिया अवघड होते. असे काही आढळले तर साध्या दवाखान्यात थांबू नये. घाटकोपर-मुलुंडकडे असाल तर सायनचे लोकमान्य टिळक रुग्णालय मध्य रेल्वेच्याच मार्गावर आहे. गावी असाल तर जिल्हा रुग्णालयात त्याच दिवशी जावे, आणि तो गावचा कागद बरोबर घेऊन जावे.