शंका-समाधान : वकिलीच्या शिक्षणाचा पुरता हिशेब

शंका : मी मराठवाड्यातल्या एका विधी महाविद्यालयात शिकवते. दरवर्षी मुलं मध्येच शिक्षण सोडतात. कायद्याचं शिक्षण कुणाला परवडतं, यावर संशोधन करायचं आहे. अनुदान कुठे मिळेल?

समाधान : विषय सोडू नका. लघु किंवा बृहत् प्रकल्पासाठी भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेकडे (आयसीएसएसआर) अर्ज करा. परिषदेचं पश्चिम विभागीय केंद्र मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलात आहे. पीएच.डी.ला नोंदणी असेल, तर प्रवर्गानुसार बार्टी, सारथी किंवा महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांची अधिछात्रवृत्ती बघा.

पैशांपेक्षा मला काळजी वाटते ती मांडणीची. प्रस्तावात फक्त कॉलेजची फी मोजली, तर गळतीचं कारण सापडणारच नाही. अनुदानित महाविद्यालयात फी माफक असते, तरीही मुलं जातात. मुंबईत महिनाभर बिनपगारी इंटर्नशिप करायची म्हणजे खोलीभाडं, मेस आणि लोकलचा पास आला. त्या महिन्यात घरची मजुरी किंवा दुकानातलं कामही बुडतं. प्रश्नावलीत ही रक्कम रुपयांत विचारा. ‘आर्थिक अडचण आली का? हो/नाही’ एवढ्या प्रश्नातून काहीच हाती लागत नाही.

वर्गात बसलेल्यांनाच प्रश्न विचारले, तर जे पोहोचलेच नाहीत ते निसटतात. २०१० साली कायद्याचे प्राध्यापक शमनाद बशीर यांनी ‘आयडिया’ हा उपक्रम सुरू केला. त्यातून राष्ट्रीय विधी विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांची पाहणी झाली आणि तिथे नेमकं कोण शिकतं यावर नीट बोललं गेलं. तुम्ही एक पाऊल पुढे जा. राज्याच्या सीईटी कक्षाच्या जागावाटप यादीशी महाविद्यालयाची अंतिम प्रवेश यादी ताडून पाहा. जागा मिळूनही जे आले नाहीत, त्यांना गाठा. काही दुसरीकडे गेले असतील, पण काहींचं पाऊल पैशांपायीच अडलेलं असेल. तुमच्या अभ्यासाचा गाभा तिथेच आहे. एकत्रित आकडेवारी मिळत नसेल, तर १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका. मात्र वैयक्तिक तपशील मागू नका.

अंदाजपत्रकात पाहणी करणाऱ्या विद्यार्थ्यांचं मानधन आणि प्रवासखर्च जरूर धरा. परवडण्यावरचं संशोधन गरीब मुलांना फुकट राबवून करणं मला मुळीच मान्य नाही.

शंका : मुलीला बारावीनंतर वकील व्हायचंय. ती मराठी माध्यमात शिकलीय आणि मी शेतकरी आहे. क्लॅटचा क्लास लावू का?

समाधान : क्लॅट ही राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा, आणि तिची प्रश्नपत्रिका इंग्रजीतच असते. खुल्या प्रवर्गासाठी नुसतं अर्जाचं शुल्क ४,००० रुपये आहे, आणि राष्ट्रीय विधी विद्यापीठात वसतिगृहासह वर्षाला दोन-तीन लाख सहज लागतात. तिची इंग्रजीची तयारी असेल तर जरूर बसवा, पण राज्याची विधी सीईटी चुकवू नका. ती मराठीतही देता येते. शिवाय कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि तुम्ही ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसी गटात मोडत असाल, तर २०२४-२५ पासून मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत आहे. प्रवेश केंद्रीय फेरीतूनच घ्या, कारण व्यवस्थापन कोट्याला ही सवलत लागू नाही. वसतिगृहाचा खर्च यात येत नाही, तो धरूनच कॉलेज निवडा. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढा. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचे अर्ज कागदपत्रांसाठीच अडतात.

शंका : एलएल.बी. झालो. सनदेसाठी पंधरा-वीस हजार लागतील, असं मित्र सांगतात. खरं का?

समाधान : पूर्वी अनेक राज्यांत तसं होतं, आता नाही. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गौरव कुमार खटल्यात स्पष्ट केलं की अधिवक्ता अधिनियमाच्या कलम २४(१)(एफ) मध्ये ठरलेल्यापेक्षा जास्त नोंदणी शुल्क घेता येणार नाही. म्हणजे सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये. मुद्रांक शुल्क आणि अखिल भारतीय बार परीक्षेचं शुल्क वेगळं. ‘ऐच्छिक’ म्हणून जादा रक्कम मागितली, तर लेखी पावती मागा आणि या निकालाचा हवाला द्या. निकाल पुढच्या काळासाठी आहे, आधी भरलेले पैसे त्यामुळे परत मिळत नाहीत.

खरी ओढाताण सनदेनंतर सुरू होते. ज्युनिअर वकिलांना शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत, अशी शिफारस बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये केली. ती बंधनकारक नाही. म्हणून सीनियरकडे रुजू होण्याआधीच किती मिळणार हे विचारा. यात संकोच नको.