गिऱ्हाईक डोळ्यांपुढे आणा

नागपूरच्या विमानतळाजवळ मिहान आहे. तिथे विमानांची देखभाल-दुरुस्ती होते. मार्च २०२५ मध्ये तिथे संत्र्याचा रस काढणारा मोठा कारखानाही सुरू झाला. विमान दुरुस्त करणाऱ्याचे गिऱ्हाईक म्हणजे विमान कंपनी. रस काढणाऱ्याचा माल शेवटी रस पिणाऱ्याच्या हाती जातो. दोघांची जागा एकच, पण गिऱ्हाईक निराळे.

वस्तू कोणतीही करा, ती घेणार कोण हे आधी पाहावे लागते. वस्तू अगदी नवी असेल, तर हे फार अवघड. कारण ती अजून कुणी वापरलेलीच नसते.

याची एक खरी गोष्ट आम्ही सांगतो. ती नागपूरपासून दूर, बेळगावकडची आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी तिथे १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला. तेव्हा शेतकरी लाकडी नांगर वापरीत. तो जमीन उकरी, पण माती पालथी करीत नसे. लोखंडी नांगर खोल जाई. माती पालथी करी. हरळीच्या मुळ्या वर येत.

नांगर चांगला होता. पण घेणार कोण? शेतकरी म्हणत, "लोखंडाने जमिनीला विष चढते." पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली!

मग शेतकरी वेडे होते का? मुळीच नाही. जमीन हेच त्यांचे पोट. एका वर्षाचे पीक बुडाले, की सावकाराचे दार. नांगर फसला तर करणाऱ्याचा एक नांगर जाणार. पण घेणाऱ्याचे सबंध वर्ष जाणार. अशी भीती नुसत्या बोलण्याने जात नाही. ती डोळ्यांनी पाहून जाते. हळूहळू शेतकऱ्यांचा विश्वास बसला. १९१० साली किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला. लोखंडी नांगर गावोगावी गेला.

आता आपल्या गावाकडे येऊ. समजा, मिहानजवळच्या एका गावात लोहाराने जुन्या सायकलच्या चाकाचा हातडवरा केला. निंदणाला उपयोगी. त्याला विचारले, "हा कोण घेईल?" तो म्हणतो, "सगळेच शेतकरी घेतील." इथेच चूक होते. 'सगळे' नावाचे गिऱ्हाईक कुठेच नसते.

ज्याच्या दारी बैलजोडी आहे, त्याला हातडवऱ्याची निकड नाही. मग निकड कुणाला? जिचे वावर दोन एकर आहे, दारी बैल नाही, आणि जी दिवसभर वाकून निंदते, त्या बाईला. तिला डोळ्यांपुढे आणा. तिची उंची किती? दांडा तिच्या हाताला पुरेल का? ओल्या काळ्या मातीत चाक रुतेल का? डवरा मोडला तर दुरुस्त कोण करील? तिच्या घरात पैसा कधी येतो? कापूस विकल्यावर. मग आषाढात रोख मागून कसे चालेल?

आणखी एक गोष्ट. डवरा चालवणार बाई, पण पैसा पुष्कळदा घरधन्याच्या हाती. वापरणारा एक आणि दाम देणारा दुसरा! तिची पाठ दुखते, हे त्याच्या पाठीला कळत नाही. म्हणून दोघांचेही मन जाणले पाहिजे.

पण मनात काढलेले चित्र खरेच असेल असे नाही. म्हणून लोहाराने डवरा तिच्या वावरात न्यावा. चार दिवस तिला चालवू द्यावा. आपण गप्प राहून पाहावे. ती कुठे थांबते? कुठे कपाळाला आठी पडते? तिथे डवरा सुधारावा. चार दिवसांनी ती म्हणाली, "दादा, आणखी दोन दिवस राहू द्या," तर समजावे, गिऱ्हाईक सापडले.

लोणचे करा, टोपली विणा, नाहीतर नवे अवजार घडवा. आधी घेणाऱ्याच्या घरात मनाने जाऊन या. मग पायाने जा.

विचार करा :
१. शेतकरी लोखंडी नांगराला का भीत होते?
२. हातडवरा कुणाला हवा? त्याचे पैसे कोण देणार?
३. तुम्ही एखादी वस्तू करता का? तिचे गिऱ्हाईक कोण, ते पाच ओळींत लिहा.