डॉलर मोजण्याआधी मत मोजा

बीड जिल्ह्यातल्या केज-अंबाजोगाईच्या पट्ट्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पोरं बरीच आहेत. आमच्या युसूफ वडगावातही आहेत. त्यातला एखादा संध्याकाळी गाठतो आणि मोबाईल पुढे करून विचारतो, "दादा, ह्याच्यावर लिहिलं की डॉलर मिळत्यात म्हणं. खरं हाय का?"

खरं आहे. मला मिळाले आहेत. आधी स्टीम नावाच्या लिहिण्याच्या साखळीवर आणि २०२० नंतर तिच्यातून निघालेल्या हाइव्हवर मी मांजरा नदीच्या पाण्याबद्दल, सोयाबीनच्या भावाबद्दल, दसऱ्यानंतर कोयता घेऊन ऊसतोडीला निघणाऱ्या बिऱ्हाडांबद्दल लिहीत आलो आहे. पण ते डॉलर कुठून येतात, कोणाच्या हातून येतात आणि वाटेत कुठे अडकतात, हे समजून न घेता उतरलेली पोरंही मी पाहिली आहेत. त्यांना लिहिता येत होतं, हिशेब कुणी सांगितला नव्हता. तो इथे सांगतो.

स्टीम ही साखळी, म्हणजे ब्लॉकचेन, २४ मार्च २०१६ रोजी सुरू झाली. नेड स्कॉट आणि डॅन लॅरिमर यांनी ती उभी केली, आणि त्याच वर्षी ४ जुलैला लेखकांना पहिलं वाटप झालं. साखळीत दर तीन सेकंदांनी एक ब्लॉक जोडला जातो आणि त्याबरोबर थोडी नवी नाणी तयार होतात. त्यांतला मोठा हिस्सा एका सामायिक साठ्यात जातो. तो साठा लेखांवर आणि प्रतिक्रियांवर पडलेल्या मतांच्या प्रमाणात वाटला जातो. म्हणजे वाचक तुम्हाला स्वतःच्या खिशातून काही देत नाही. मत देऊन तो साठ्यातला थोडा वाटा तुमच्याकडे वळवतो. साठा ठरलेला असल्यामुळे एका लेखाला जास्त गेलं की दुसऱ्याला तेवढं कमी जातं. आणि वाटप नाण्यांत होत असल्यामुळे भाव पडला की तेवढ्याच मतांचे रुपये कमी होतात. जानेवारी २०१८ मध्ये स्टीमचं एक नाणं आठ डॉलरच्या आसपास गेलं होतं. ते वर्ष संपेपर्यंत भाव अर्ध्या डॉलरच्याही खाली आला. तेच लेखक, तीच मेहनत, आणि पैसे सोळाव्या हिश्श्याहूनही कमी.

आता मताकडे या, कारण सगळी गोम इथेच आहे. आपल्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत शेअर एक असो की शंभर, सभासदाचा हात एकदाच वर होतो. १९६० च्या सहकार कायद्याने प्रत्येक सभासदाला एकच मत दिलं आहे. या साखळीवर असं नाही. तिथे तुमच्या मताचं वजन तुमच्याकडे किती 'पॉवर' आहे यावर ठरतं. पॉवर म्हणजे खात्यात कुलूपबंद करून ठेवलेली नाणी. ज्याच्याकडे लाखांत पॉवर आहे त्याचं एक मत एखाद्या लेखाला काही डॉलर देऊन जातं. नव्या खात्याच्या मताची किंमत सेंटच्या बारीक तुकड्याएवढी असते, आणि लेखाची एकूण रक्कम दोन सेंटच्या खाली राहिली तर हातात शून्य पडतं. गावातल्या वीस मित्रांना खाती उघडायला लावून एकमेकांना मतं देण्याची योजना पोरं हमखास आणतात. वीस वेळा शून्याजवळचं काही मिळवलं तरी शून्याजवळच राहतं. वर ती खाती टोळी म्हणून नजरेत भरतात आणि मोठे खातेदार उलटं मत देऊन सगळ्यांची रक्कम पाडतात.

मत कितीही वेळा देता येतं, पण देताना ते झिजतं. पूर्ण ताकदीच्या एका मताला दोन टक्के शक्ती जाते आणि दिवसभरात वीस टक्के भरून निघते. म्हणजे रोज साधारण दहा पूर्ण मतं परवडतात. त्याहून जास्त दिली की प्रत्येक मत हलकं होत जातं.

लेखाखाली दिसणाऱ्या आकड्याने सर्वात जास्त फसगत होते. समजा लेखाखाली दहा डॉलर दिसतात. पोरगा लगेच रुपयांत गुणाकार करतो. पण सात दिवस पूर्ण होईपर्यंत तो आकडा निव्वळ अंदाज असतो. त्या आठवड्यात भाव हलतो, उलटी मतं पडू शकतात. सातव्या दिवशी दहाच राहिले, तरी त्यातले पाच मत देणाऱ्यांमध्ये वाटले जातात. चांगला लेख शोधून मत देण्याचा तो मोबदला असतो. लेखकाच्या पाचांपैकी नेहमीच्या पर्यायात अडीच डॉलरला बांधलेल्या नाण्यात येतात आणि उरलेले अडीच पॉवरच्या रूपाने कुलपात जातात. पॉवर मोकळी करायची तर हाइव्हवर दर आठवड्याला एक असे तेरा हप्ते लागतात. म्हणजे दहा दिसले, त्यातले अडीच आज वापरता येतात, अडीच तीन महिन्यांत येतात, आणि तोवर भाव काय असेल ते तेव्हाच कळेल. हा हिशेब वहीत मांडून दाखवला की निम्मी पोरं गप्प होतात. बाकीची निम्मी लिहायला बसतात, आणि तीच पुढे टिकतात.

आमच्या भावकीतल्या एका पोराने असं गप्प बसायच्या ऐवजी मतं विकत घेतली. २०१८ ची गोष्ट. तेव्हा मत विकणारे बॉट जोरात होते. त्यांना नाणी पाठवली की ते लेखाला मोठं मत टाकायचे. याने दहा डॉलरची नाणी पाठवली, लेखाखाली अकरा दिसले, आणि एक डॉलर सुटला म्हणून तो खूश झाला. त्या काळी पाव हिस्सा मत देणाऱ्यांना जायचा. अकरातून पावणेतीन वजा झाले, सव्वाआठ उरले, आणि त्यातलेही निम्मे कुलपात. तो पाव हिस्साही मुख्यतः त्याच बॉटला मिळाला. असं करत करत त्याने क्लासच्या फीसाठी ठेवलेले पैसे त्यात घातले. ऑगस्ट २०१९ च्या बदलाने लेखक आणि मतदार यांचा वाटा निम्मा-निम्मा झाला, उलट्या मतांसाठी वेगळी शक्ती मिळाली, आणि मतं विकण्याचा तो धंदा बहुतेक बसला. पण नव्या रूपात आमिषं येतच राहतात. स्वतःची पॉवर दुसऱ्याला वापरायला दिली तर ती मागे घेता येते, पाच दिवसांत परत येते. नाणी पाठवली तर ती गेली. हा फरक पक्का ध्यानात ठेवा. मी खिशातला रुपया त्यात घातला नाही आणि कुणाला घालायला सांगत नाही. लिहून मिळेल ते खरं.

मत वजनावर चालतं याचा मोठा धडा २०२० मध्ये सगळ्यांनी पाहिला. १४ फेब्रुवारीला ट्रॉन या दुसऱ्या साखळीच्या जस्टिन सन यांनी स्टीम उभारणारी स्टीमिट कंपनी विकत घेतल्याचं जाहीर झालं. कंपनीकडे सुरुवातीपासून राखलेली प्रचंड नाणी होती. ती नाणी मतदानात वापरणार नाही असं आधीच्या मालकांनी सांगितलं होतं, नव्या मालकाचा भरवसा कोणी द्यायचा? साखळी चालवणारे वीस मुख्य 'विटनेस' मतांनी निवडले जातात. त्यांनी दहाएक दिवसांत ती नाणी गोठवली. मग २ मार्चला बायनान्स, हुओबी आणि पोलोनिएक्स या बाजारांमध्ये ग्राहकांनी ठेवलेल्या नाण्यांची ताकद वापरली गेली आणि जुने विटनेस हटवून नवे बसवले गेले. नाणी ग्राहकांची, मत बाजाराचं. बीड जिल्ह्याने मल्टिस्टेट पतसंस्थांच्या दारात उभे राहिलेले ठेवीदार पाहिले आहेत. ठेव आपली असली तरी किल्ली दुसऱ्याकडे असली की काय होतं, हे इथे वेगळं समजावावं लागत नाही. लेखक-वाचकांच्या मोठ्या गटाने २० मार्च २०२० ला साखळीची नवी शाखा काढली, तीच हाइव्ह. बहुतेक जुन्या खातेदारांच्या शिलका तिथे जशाच्या तशा आल्या, कंपनीची राखीव नाणी वगळली गेली. पण २० मे रोजी स्टीमवर आणखी एक बदल झाला आणि ६४ खात्यांमधली सुमारे २ कोटी ३६ लाख स्टीम नाणी काढून घेतली गेली. साखळीवरचं धन कुणाला हात लावता येत नाही, असं जो सांगेल त्याला ही तारीख सांगा. बहुमताचं वजन एका बाजूला झुकलं की हात लावता येतो.

किल्ल्यांबद्दल मी पोरांना दरडावून सांगतो. खात्याला चार किल्ल्या असतात. पोस्टिंगच्या किल्लीने लिहिता आणि मत देता येतं. अ‍ॅक्टिव्हने नाणी हलतात. ओनर ही मालकाची किल्ली, ती बाकीच्या बदलू शकते. चौथी मेमोची, खाजगी निरोप वाचायची. रोजच्या कामाला फक्त पोस्टिंगची लागते. "तुमचा लेख चोरीचा ठरला आहे, खालच्या लिंकवर खात्री करा," असा निरोप एका ओळखीच्या पोराला आला. लिंकवरचं पान हुबेहूब खरं दिसत होतं. त्याने अ‍ॅक्टिव्ह किल्ली टाकली. मोकळी नाणी तेवढ्यात गेली आणि चोराने पॉवरही सोडवायला लावली. पोरगा रडवेला होऊन आला, "दादा, सगळंच गेलं हो." सगळं गेलं नव्हतं. पॉवरचा पहिला हप्ता सुटायला आठवडा लागतो. मालकाची किल्ली त्याने कागदावर लिहून ट्रंकेत ठेवली होती. तिच्या मदतीने बाकीच्या किल्ल्या बदलल्या, पॉवरची सुटका रद्द केली आणि कुलपातलं वाचलं. एरवी ज्या तेरा आठवड्यांच्या नावाने पोरं कुरकुरतात, त्यांनीच त्याला वेळ दिला. मालकाची किल्ली चोरीला गेली तर तीस दिवसांच्या आत, आधी नोंदवलेल्या मदतनीस खात्यामार्फतच खातं परत मिळू शकतं. आणि ती हरवली तर इथे पासवर्ड परत देणारं ऑफिस नाही. म्हणून खातं उघडल्या दिवशी किल्ल्या कागदावर दोनदा उतरवा आणि एक कागद घराबाहेरच्या विश्वासू माणसाकडे ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो काढून स्वतःलाच पाठवू नका.

रुपये करताना सावध राहायचं. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ ला परिपत्रक काढून बँकांना अशा नाण्यांच्या व्यवहारांपासून लांब राहायला सांगितलं आणि देशातले नाण्यांचे काही बाजार त्यामुळे बंद पडले. ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. तरीही आज कुणी ओळख नसलेला माणूस "मी थेट तुझ्या खात्यावर टाकतो" म्हणाला तर नाही म्हणा. तो पैसा दुसऱ्या कुणाच्या फसवणुकीतून आलेला असला तर तुमचं बँक खातं गोठतं, आणि शेतकरी अनुदान त्याच खात्यावर येत असेल तर घरच अडतं. फसवणूक झालीच तर त्याच तासात १९३० वर फोन करा आणि मग ठाण्यात जा. ठाणं आपल्या गावातच आहे, लाजू नका. १ एप्रिल २०२२ पासून नाणी विकून झालेल्या नफ्यावर उत्पन्न कितीही कमी असलं तरी सरसकट ३० टक्के कर आहे. एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वजा होत नाही. त्याच वर्षी १ जुलैपासून विक्रीवर १ टक्का टीडीएसही कापला जातो. बक्षीस आलं त्या दिवसाचा भाव लिहून ठेवत जा, वर्षाअखेरीला सीए तेच विचारतो.

लिहायचं काय? उचललेला मजकूर तिथे टिकत नाही. नक्कल शोधणारी मंडळी आणि यंत्रं सुरुवातीपासून आहेत, आणि यंत्राकडून लिहून घेतलेलाही बऱ्याचदा ओळखू येतो. एकदा उलट्या मतांच्या यादीत गेलं की पुढचं चांगलं लिखाणही तसंच पडून राहतं. मराठी लेखाला मत देणारे थोडे, हे खरं. मी मराठीत लिहितो आणि खाली इंग्रजीत सारांश जोडतो, इतरांच्या लेखांवर वाचून प्रतिसाद देतो. मला वजनदार मतं त्या प्रतिसादांमुळे ओळख झाल्यावर आली. बरीच मतं आपोआप, न वाचता पडतात हेही तितकंच खरं आहे, म्हणून मतांवरून लेखाची प्रत ठरवू नका. धनेगावच्या कोरड्या धरणावरचा माझा साधा लेख चांगला चालला. त्याहून कितीतरी जास्त राबून लिहिलेला, ऊसतोड मुकादमाच्या उचलीचा हिशेब मांडणारा लेख चार सेंटवर संपला. तो लेख मला आजही जास्त मोलाचा वाटतो.

शेवटची सूचना माणसांबद्दल आहे. या साखळीवर लेख दुरुस्त करता येतो, झाकता येतो, पण जुनी प्रत ब्लॉकमध्ये कायम राहते आणि शोधणाऱ्याला सापडते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा जगभरातून या विषयावर लिहिण्याची मागणी होती आणि मतंही मिळाली असती. काही पोरांनी अशा मावश्यांचे फोटो, नावं, गावासकट टाकायची तयारी केली होती. मी थांबवलं. अशा एखाद्या बाईच्या मुलीचं उद्या लग्न ठरेल, तेव्हाही ते पान तिथेच असेल. असं लिहायचं असेल तर नाव, गाव, मुकादम, चेहरा, सगळं काढा, आणि टाकण्याआधी तिला बसवून पूर्ण वाचून दाखवा. ती नको म्हणाली तर तो मजकूर वहीत राहू द्या.