स्टॅबिलायझर बार : जोडावा की सोडावा?

हंगाम सुरू झाला की माळेगावच्या रस्त्यावर कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टरांची रांग आपण रोजच बघतो. पुढच्या वेळी एखादा ट्रॅक्टर शेतातून बाहेर पडताना दिसला, तर त्याच्या पुढच्या ॲक्सलकडे नीट लक्ष द्या. एक चाक वरंब्यावर, दुसरे सरीत, तरी दोन्ही चाके जमिनीला टेकलेली. कारण हा ॲक्सल मधोमध एकाच पिनवर बसवलेला असतो आणि तराजूच्या दांडीसारखा वरखाली होतो.

मग जीपला असाच मोकळा ॲक्सल का देत नाहीत? उत्तर एका शब्दात : वेग. ट्रॅक्टर शेतात सावकाश चालतो, पण जीप ताशी ८० किलोमीटरने वळण घेते. तिथे बॉडी बाहेरच्या बाजूला झुकते. हे झुकणे आवरण्यासाठी स्टॅबिलायझर बार असतो. पुस्तकात त्याला अँटी-रोल बार म्हणतात.

बार नेमके काय करतो?

इंग्रजी यू अक्षरासारखा वाकवलेला स्प्रिंग स्टीलचा हा गज. मधला भाग रबरी बुशमधून चासीला धरलेला आणि दोन्ही टोके लिंक रॉडने डाव्या-उजव्या चाकाच्या आर्मला जोडलेली. दोन्ही चाके एकदम वर गेली तर बार बुशमध्ये नुसता फिरतो, काहीच काम करत नाही. एकच चाक वर गेले की मात्र त्याला पीळ बसतो आणि तो विरोध करतो. नाशिकला तयार होणाऱ्या थारच्या २०२० साली आलेल्या मॉडेलला असा बार पुढेही आहे आणि मागेही.

रस्त्यावर हा विरोध आपला मित्र. ओढ्यात, खडकात तोच अडथळा. चाकाला खड्ड्यात उतरायचे असते, बार त्याला वर ओढून धरतो. चाकावरचे वजन कमी झाले की पकड जाते, साध्या डिफरन्शियलमुळे तेच चाक गरगर फिरते आणि गाडी जागची हलत नाही. म्हणून ऑफ-रोडवाले कच्च्या रस्त्यापुरता बार सोडवतात आणि डांबरी आली की परत जोडतात.

थोडे गणित

एस.ओ.एम.च्या तासाला शिकलेले टॉर्शन इथे कामाला येते. समजा बारचा व्यास २० मिमी, पीळ बसणारी लांबी ८०० मिमी आणि आर्म २०० मिमी. स्टीलचा शिअर मॉड्युलस ८०,००० न्यूटन प्रति चौरस मिमी घेतला आणि आर्म वाकत नाहीत असे धरले, तर दोन टोकांच्या उंचीत १ मिमी फरक पडला की टोकावर सुमारे ३९ न्यूटन बल येते. ६० मिमी फरकाला हेच बल २,३५० न्यूटनच्या आसपास जाते. म्हणजे हॉस्टेलमधली ६० किलोची चार मुले त्या लिंकला लोंबकळल्यासारखे! बार चाकाजवळच जोडलेला असेल तर साधारण तेवढाच भार खड्ड्यातल्या चाकावरून कमी होतो.

अजून एक गंमत. बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. २० ऐवजी २५ मिमीचा गज घातला तर तो सव्वापट नव्हे, जवळजवळ अडीचपट कडक होतो. तेव्हा भंगारातला 'थोडा जाड' गज उचलून बसवू नये.

घरगुती जुगाडाचे तीन प्रकार

पहिला, सगळ्यात साधा : पान्याने लिंकचा बोल्ट काढायचा. खर्च शून्य, पण चिखलात आडवे पडून हे काम कोणी दोनदा करत नाही.

दुसरा : लिंकच्या खालच्या टोकाला बोल्टऐवजी हाताने निघणारी पिन बसवायची आणि तिला आर क्लिप लावायची. लेथ आणि वेल्डिंग असलेल्या कोणत्याही वर्कशॉपमध्ये हे बनते.

तिसरा : एका नळीत दुसरी नळी सरकणारी लिंक. पिन घातली की लिंक घट्ट, काढली की मोकळी सरकते. यात बार सोडवून बांधायची भानगड नाही. पण सरकण्याची लांबी चाकाच्या पूर्ण वरखाली हालचालीला पुरली पाहिजे. कमी पडली तर लिंक ठोकर खाते किंवा नळ्या एकमेकींतून निसटतात. शिवाय आत माती गेली की जाम होते.

मला विचाराल तर दुसरा प्रकार उत्तम, कारण काय जोडले आहे आणि काय सुटले आहे हे डोळ्यांना दिसते. मात्र दोन्ही बाजू सोडवाव्यात. एकच बाजू सोडली तर बारचे मोकळे टोक दुसऱ्या चाकाबरोबर हलत राहते. सोडवलेला बार वर नीट बांधावा आणि स्टिअरिंग पूर्ण डावी-उजवीकडे फिरवून तो टायरला, ब्रेकच्या होजला लागत नाही ना, हे बघावे. परत जोडताना गाडी सपाट जागेवर उभी करावी. भोक जुळत नसेल तर हातोडा मारू नये, भोकात बोटही घालू नये. मित्राला बंपर दाबायला सांगावे.

पिन कशी असावी?

सगळे काम या पिनवर टिकून आहे. १० मिमीची पिन दोन पट्ट्यांच्या मध्ये, म्हणजे डबल शिअरमध्ये बसवली, तर वरच्या २,३५० न्यूटनला तिच्यात जेमतेम १५ न्यूटन प्रति चौरस मिमी शिअर येतो. काहीच नाही. पण तीच पिन एका बाजूने वेल्ड करून दुसरीकडे उघडी ठेवली आणि बल २० मिमी बाहेर आले, तर ती कँटिलिव्हर होते. बेंडिंगचा ताण ४८० च्या घरात जातो आणि माइल्ड स्टील २५० च्या आसपासच यील्ड होते. पिन वाकणारच.

यासाठी परदेशी कॅटलॉग चाळायची गरज नाही. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडतात ती पिन बघा : वर पट्टी, खाली पट्टी, मध्ये ट्रॉलीचे भोक, आणि पिन उडू नये म्हणून क्लिप. पिनला भोकात खेळ नको. खेळ असला की उलटसुलट भाराने भोक लांबट होते आणि खडखड सुरू होते.

खरा धोका

बार सोडून तसेच डांबरीवर येणे, हा खरा धोका. पुढचा बार सुटला की वळणावर गाडी जास्त झुकते हे सगळ्यांना कळते. पण झुकाव आवरण्याचे काम मागच्या सस्पेन्शनवर जास्त पडते आणि गाडीची शेपूट बाहेर निघण्याकडे कल वाढतो, हे अचानक ब्रेक मारून वळेपर्यंत कळत नाही.

जीप रँग्लर रुबिकॉनमध्ये हा बार बटणाने सुटतो आणि वेग ताशी २९ किलोमीटरच्या वर गेला की आपोआप जोडला जातो. या रँग्लरची जोडणी आपल्याच पुणे जिल्ह्यात, रांजणगावला, २०२१ साली सुरू झाली. आपल्या घरगुती पिनेला असे डोके नसते. तेव्हा ते डोके आपण वापरायचे. बार सुटला असताना स्टिअरिंगला लाल फडके बांधा. निघण्याआधी दोन्ही लिंक हाताने हलवून बघा. क्लिपला बारीक वायर बांधून ती लिंकलाच अडकवा, म्हणजे हरवणार नाही.

आणि एक. हे प्रयोग बाहासारख्या स्पर्धेच्या गाडीवर करावेत. २००७ पासून भारतातही ही स्पर्धा होत आली आहे आणि अशा गाड्या सार्वजनिक रस्त्यावर धावत नाहीत. नोंदणी झालेल्या गाडीत फेरफार करायचे तर मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ आधी वाचा आणि आरटीओत विचारा.

थोडक्यात काय, जोड असा हवा की हाताने सहज सुटेल, पण आपोआप कधीच सुटणार नाही. वाक्य लहान आहे, पण मशीन डिझाइनचा अर्धा पेपर त्यात आहे. वर्कशॉपमध्ये जाण्याआधी कागदावर चित्र काढा, पिनचे गणित करा, सरांना दाखवा आणि मगच वेल्डिंग पेटवा.