एकट्या गायकासाठी कीबोर्डची पारख

कर्नाळ्याच्या आसपासच्या गावांत कार्यक्रमाला पेटीवादक आणि ढोलकीवादक दोघेही लाभतीलच असे नाही. तेव्हा स्वयंचलित साथ देणारा कीबोर्ड गायकाच्या उपयोगी पडतो. डाव्या हाताने कॉर्ड दाबताच यंत्र ठेका व बास उभे करते. उजव्या हाताने चाल वाजवायची. पेटी शिकलेल्यास इथेच अडते, कारण त्याचा डावा हात भात्याला सरावलेला असतो.

यामाहाचा पीएसआर-आय ५०० आणि कॅसिओचा सीटी-एक्स ८७० आयएन, दोन्ही ६१ पट्ट्यांचे व भारतीय ठेके असलेले. आवाजांची संख्या मोजून त्यांत निवड करणे आम्हांस व्यर्थ वाटते. सहा मात्रांचा दादरा आणि आठ मात्रांचा केरवा ऐकावा.

खरी कसोटी निराळीच. भीमगीत गाताना गायक दाद मिळेपर्यंत ओळ घोळवतो. ढोलकीवाला त्याच्यासाठी थांबतो, यंत्र थांबत नाही. यामाहाच्या पीएसआर-एसएक्स आणि कॉर्गच्या पीए मालिकेत डावा हात उचलताच ठेका थांबवण्याची सोय आहे. पण ती वाद्ये महाग. स्वस्त वाद्य घेताना ठेका थांबवण्याची कळ न पाहता हाताला सापडते का, हे दुकानातच गाऊन पाहावे.