धूलिमेघांच्या उदरातील बालतारे

वृश्चिक राशीतील तांबूस ज्येष्ठा तारा अनेकांच्या परिचयाचा आहे. त्याच्या लगतच्या आकाशात ताऱ्यांची दाटी एकाएकी विरळ झालेली आढळते. १७८५ साली विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदाने वृश्चिकातील अशा जागेची नोंद आकाशातील पोकळी म्हणून केली. पुढे एडवर्ड बर्नार्ड यांच्या छायाचित्रांवरून हे मत मागे पडले. काळ्या दिसणाऱ्या जागा रिकाम्या नसून तेथील धूळ मागील ताऱ्यांचा प्रकाश अडविते, असे दिसून आले. १९१९ साली त्यांनी अशा १८२ कृष्णस्थानांची सूची प्रसिद्ध केली.

हे रहस्य उलगडण्याचे साधनही हर्शेल यांच्याच हाती लागले होते. १८०० साली सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात तांबड्या रंगापलीकडे तापमापक ठेवला असता पारा चढला. हेच अवरक्त किरण होत. चुलीवरून उतरविलेला तवा अंधारात दिसत नाही, परंतु त्याची धग हाताला जाणवते. ती याच किरणांमुळे.

धूलिकण अतिसूक्ष्म असल्याने आखूड लांबीच्या दृश्य प्रकाशलहरी ते अडवितात. लांब अवरक्त लहरी पुष्कळ अंशी पार जातात. शिवाय बालताऱ्याच्या उष्णतेने तापलेली धूळ स्वतःच अवरक्त किरण फेकते.

मेघातील दाट भाग स्वतःच्या गुरुत्वाने आकुंचन पावतो व तप्त होतो. सूर्याएवढ्या ताऱ्यास हायड्रोजनच्या ज्वलनाची स्थिर अवस्था गाठण्यास काही कोटी वर्षे लागतात. प्रथम तो धुळीच्या आवरणात दडलेला असतो. नंतर आवरण विरून भोवती तबकडी उरते व तिच्यात ग्रह घडतात. अखेरीस तबकडीही नाहीशी होते. अवरक्त प्रकाशाच्या प्रमाणावरून या अवस्थांचे वर्गीकरण १९८७ साली चार्ल्स लाडा यांनी मांडले.

हवेतील बाष्प हे किरण शोषून घेते. म्हणून दुर्बिणी उंच पर्वतांवर अथवा अवकाशात न्याव्या लागतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने हैदराबादहून बलूनद्वारे अवरक्त दुर्बीण उंच वातावरणात पाठविली. २५ जानेवारी १९८३ रोजी सोडलेल्या 'आयरास' उपग्रहाने दहा महिने आकाश न्याहाळले. दुर्बिणीची स्वतःची उष्णता आड येऊ नये म्हणून ती द्रवरूप हेलियमने थंड ठेवली होती. जेम्स वेब दुर्बिणीने ज्येष्ठेजवळील मेघाचे चित्र जुलै २०२३ मध्ये दिले. सुमारे ३९० प्रकाशवर्षे दूर असलेल्या या प्रदेशात सुमारे ५० बालतारे दिसले. त्यांतील बहुतेक सूर्याएवढे वा त्याहून लहान आहेत.

सूर्यमालाही सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी अशाच मेघातून जन्मली. वैशाख अमावास्येच्या सुमारास, रात्री दहानंतर, शिक्षकांनी विद्यार्थ्यांना आग्नेयेस ज्येष्ठा दाखवावी. शेजारचा अंधार ही पोकळी नसून ताऱ्यांचे जन्मस्थान आहे, हे त्यांच्या मनावर ठसेल.