पोर एकटे दिसले तर

दादर स्टेशन घ्या, नाहीतर कल्याण. गाडी येते. माणसे उतरतात आणि आपापल्या वाटेने जातात. एखादे पोर मात्र बाकड्यावर बसून राहते. अंगावर मळके कपडे. जवळ पिशवी नाही, तिकीट नाही. आपण पाहतो आणि म्हणतो, "असेल कुणाचे तरी!" पण कुणाचे, हे कुणीच विचारीत नाही.

मुले घर का सोडतात?

कारणे पुष्कळ. बाप दारू पिऊन मारतो. घरात खायला नाही. परीक्षेत नापास झाल्याची भीती वाटते. मुलीचे लग्न लहान वयातच ठरते, ती पळून येते. कुणाला आईबापच नसतात. कुणाला मुंबईची ओढ असते.

पहिल्याच रात्री त्या पोराला कोण भेटतो, हे फार महत्त्वाचे. भला माणूस भेटला तर ठीक. पण भीक मागायला लावणारेही तिथेच फिरत असतात. फुकट राबवून घेणारे असतात. नशा शिकवणारे असतात. म्हणून उशीर करू नये.

काय करावे?

१०९८ हा आकडा पाठ करा. एक, शून्य, नऊ, आठ. हा फोन मुलांसाठी आहे. रात्री-बेरात्रीही चालतो. त्याला पैसे पडत नाहीत. ही सेवा मुंबईतच १९९६ साली सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली. आता ती सरकारतर्फे चालते. मूल स्वतःही फोन करू शकते. फोन जवळ नसेल तर स्टेशनवरच्या रेल्वे पोलिसांना सांगा.

पोराशी गोड बोला. पाणी द्या. दरडावू नका. त्याचा फोटो काढून गावभर पाठवू नका. दया आली तरी त्याला परस्पर घरी नेऊन ठेवू नका. २०१५ च्या कायद्याप्रमाणे हरवलेले किंवा टाकलेले मूल सापडले, तर २४ तासांच्या आत कळवावेच लागते. न कळवणे हा गुन्हा आहे.

पुढे काय होते?

मुलाला २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे नेतात. प्रवासाचा वेळ त्यात धरीत नाहीत. समितीत एक अध्यक्ष आणि चार सभासद असतात. त्यांत निदान एक बाई असतेच. समिती मुलाचे म्हणणे ऐकते, घरची चौकशी करते. घर चांगले असेल तर मूल घरी जाते. घरी धोका असेल तर त्याची सोय बालगृहात होते. तिथे जेवण, शाळा, औषधपाणी मिळते. थोड्या दिवसांसाठी खुली निवारागृहेही असतात.

पुष्कळ पोरे म्हणतात, "नको, रिमांड होममध्ये डांबतील!" ही भीती काढायला हवी. ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे, त्याच्यासाठी निरीक्षणगृह वेगळे असते. घर नसणे हा काही गुन्हा नव्हे.

अठरा वर्षे झाली, मग?

खरी अडचण इथे येते. १८ पूर्ण झाली की बालगृह सोडावे लागते. आपली पोरे या वयात आईच्या हातचे खातात. त्या पोराला मात्र खोली, काम, रेशन, सारे एकट्याने शोधावे लागते. अशांसाठी अनुरक्षणगृहे आहेत. तिथे २१ वर्षांपर्यंत राहता येते, धंदा शिकता येतो. अनाथ मुलांसाठी महाराष्ट्रात २०१८ पासून सरकारी नोकरीत आणि शिक्षणात १ टक्का जागा राखून ठेवल्या आहेत. त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागते. बालगृह सोडण्याआधीच ते मागून घ्यावे. आधार कार्ड आणि बँकेचे पुस्तकही जवळ असावे.

आपल्याही हाती पुष्कळ आहे. अशा तरुणाला कुणी भाड्याने खोली देत नाही. "तुझे कोण आहे?" असे विचारतात. ओळखीचा दुकानदार असेल, गॅरेजवाला असेल, त्याच्याकडे आपण शब्द टाकू या. पाठीशी कुणी आहे म्हटले की पोर उभे राहते.

सांगा पाहू :
१. मुलांसाठी कोणता फोन आहे?
२. बालगृह आणि निरीक्षणगृह यांत फरक काय?
३. अठरा वर्षांनंतर कोणते कागद जवळ हवेत?
४. तुमच्या गावच्या स्टँडवर एकटे पोर दिसले, तर तुम्ही काय कराल?